एका सालाची साहित्यनोंद कशी करावी : १९२२चे उदाहरण

एखाद्या सालातील साहित्यिक घडामोडींची सूची करायला बसले की सर्वांत जास्त घोळ तारखांचा होतो. म्हणून लेखन, नियतकालिकातील प्रसिद्धी आणि पुस्तक असे तीन रकाने सुरुवातीलाच आखून घ्यावेत. १९२२ हे साल या सरावासाठी उत्तम.

टी. एस. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’ घ्या. कवितेचा बराचसा भाग १९२१मध्ये मार्गेट आणि लोझान येथे लिहिला गेला, कवी एझरा पाउंड यांनी त्यावर सढळ हाताने कात्री चालवली, आणि मग ऑक्टोबर १९२२मध्ये एलियट यांच्याच संपादनाखाली लंडनहून निघालेल्या ‘क्रायटेरियन’च्या पहिल्या अंकात ती टिपांविना छापली गेली. न्यूयॉर्कच्या ‘डायल’ने ती नोव्हेंबरच्या अंकात दिली; डिसेंबरमध्ये तिथेच पुस्तक निघाले, तेव्हा कुठे त्या गाजलेल्या टिपा तिला जोडल्या गेल्या. इंग्लंडमधले पुस्तक १९२३चे. या सगळ्याऐवजी नुसते ‘१९२२’ लिहून मोकळी होणारी सूची अभ्यासकाच्या फारशी उपयोगाची नाही.

जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी १९१८पासून ‘लिटल रिव्ह्यू’मध्ये क्रमशः येत होती आणि अश्लीलतेच्या खटल्यामुळे मध्येच थांबली, पुस्तकाची तारीख मात्र २ फेब्रुवारी १९२२, म्हणजे लेखकाचा चाळिसावा वाढदिवस. त्या सकाळी दिजाँहून, म्हणजे जिथे पुस्तक छापले गेले त्या फ्रेंच शहरातून, आलेल्या गाडीच्या कंडक्टरकडून प्रकाशिका सिल्व्हिया बीच यांनी दोन प्रती पॅरिसच्या स्टेशनवर ताब्यात घेतल्या. असा तपशील शेऱ्यात अवश्य टिपावा.

काही नोंदी केवळ पहिल्या रकान्यात राहतात. काफ्का यांनी ‘द कॅसल’ ही कादंबरी याच वर्षी लिहायला घेतली, ती छापून आली १९२६मध्ये. रिल्के यांनी फेब्रुवारीत पूर्ण केलेल्या ‘दुइनो एलिजीज’ या कविता १९२३मध्ये निघाल्या.

सूची युरोपपुरती ठेवू नये. बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांची ‘बिद्रोही’ ही कविता जानेवारीत ‘बिजली’ साप्ताहिकात आली, आणि त्यांच्याच ‘धूमकेतू’ या नियतकालिकातील कवितेपायी नोव्हेंबरमध्ये त्यांना अटक झाली, अशी अटकही साहित्यिक घटनाच मानावी. ब्राझीलमधल्या साओ पाउलोतला फेब्रुवारीतला आधुनिक कला सप्ताह आणि पेरूचे कवी सेसार वायेहो यांचा ‘त्रिल्से’ हा संग्रह यांनाही जागा द्यावी. आपले रविकिरण मंडळ हे मराठी कवींचे मंडळ मात्र १९२३चे. कितीही मोह झाला तरी ते यात ओढू नये.

पुरस्कार एका ओळीत आटोपावा : नोबेल, स्पॅनिश नाटककार हासिन्तो बेनाव्हेन्ते. मृत्यूंमध्ये फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त, १८ नोव्हेंबर. त्यांच्या ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ या बहुखंडी कादंबरीचे उरलेले खंड १९२७पर्यंत निघत राहिले, हे शेऱ्यात लिहावे. जन्म मुख्य सूचीत घेऊ नयेत, कारण शान्ता शेळके १२ ऑक्टोबर १९२२ रोजी इंदापूरला जन्मल्या, तरी त्यांच्या कवितेचा त्या सालाशी काही संबंध नाही. अशी नावे परिशिष्टात जन्मतारखेच्या क्रमाने द्यावीत.