द्राक्षबागेच्या उसंतीत मॉरिशसचं प्रवाळ बघायला जाताना

तासगाव-पलूसच्या बागायतदारांना जरा सवड मिळते ती जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिलची खरड छाटणी मागे पडलेली असते, ऑक्टोबर छाटणीला वेळ असतो. मॉरिशसला जाणारे आमच्याकडचे बरेच गट याच दिवसांत निघतात आणि कॅटामरान बोटीवरून स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं प्रवाळ बघणं, हा त्यातला एक दिवस ठरलेला असतो. मी सांगलीत बायकांना पोहायला शिकवते. जायच्या आधी ही मंडळी टँकवर येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, समुद्रापुरतं तेवढं सांगा.’ त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

आधी किनारा नीट निवडा. आपला पावसाळा तो तिकडचा हिवाळा. पाणी २२-२३ अंशांपर्यंत गार होतं आणि आग्नेयेकडून जोराचं वारं सुटतं. सगळ्यात गाजलेली सहल ‘इल ओ सर्फ’ बेटाची, पण ते बेट पूर्वेला, वाऱ्याच्या तोंडावर आहे. उत्तरेला ग्रँड बेहून गॅब्रिएल बेटाकडे जाताना प्रवाळकड्याबाहेरच्या, म्हणजे किनाऱ्यापुढं पाण्यात प्रवाळाची जी भिंत असते तिच्या पलीकडच्या, उघड्या समुद्रातून जावं लागतं. पहिल्यांदाच समुद्रात उतरणार असाल तर पश्चिमेची, ब्लॅक रिव्हरहून बेनितिए बेटाकडे जाणारी सहल घ्या. तिथं डोंगर वारा अडवतात. सकाळी डॉल्फिन बघायला बोट बाहेर जाते तेवढा वेळ सोडला, तर बाकी सगळं कड्याच्या आतल्या उथळ, संथ पाण्यात होतं. समोर ल मॉर्नचा डोंगर दिसत राहतो. पैसे भरण्याआधी एजंटाला विचारा: पाण्यात आमच्याबरोबर गाईड स्वतः उतरणार का, आणि एका गाईडमागे माणसं किती?

कॅटामरानला शेजारी-शेजारी दोन सांगाडे असतात, त्यामुळं ती साध्या होडीइतकी कलंडत नाही आणि उथळ पाण्यातही चालते. तरी बोट लागणाऱ्यांनी निघण्याआधी तासभर गोळी घ्यावी, मागच्या बाजूला मधोमध बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. दोन सांगाड्यांमध्ये पुढं बसायला ताणलेली जाळी पोरांना आवडते, पण तिथं हेलकावे जास्त बसतात. शाकाहारी जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बोटीवर रम मिळते. पाण्यात उतरायचं बाकी असेल तर तिला अजिबात हात लावू नका. बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा.

सराव इथंच करून जायचा, आणि तो शेततळ्यात करायचा नाही. प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलेलं असतं, पाय टिकत नाही, कडेला येऊनही वर चढता येत नाही. पट्टीचे पोहणारे गेलेत त्यात. कृष्णेला त्या दिवसांत पुराचं पाणी असतं आणि भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. स्विमिंग टँकच बरा.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एक सवय मोडावी लागते. आपण मान वर काढून, हातपाय मारत पोहतो. स्नॉर्केलिंगमध्ये पालथं पडून, तोंड पाण्यात ठेवून नुसतं तरंगायचं असतं. नळी दातांत हलकेच धरा, ओठ मिटा आणि श्वास तोंडानंच घ्या. सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवा. घाईघाईनं अर्धे-अर्धे श्वास घेतले तर नळीतली वापरलेली हवाच परत आत जाते आणि जीव घाबरा होतो. नळीत पाणी शिरलं तर जोरात ‘फू’ करा, ते वरून उडून जातं. हे एवढं जमलं की ज्यांना पोहता येत नाही अशा बायकासुद्धा लाइफ जॅकेट घालून छान बघतात. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मी नवख्यांना घेऊ देत नाही. घाबरल्यावर तो चटकन निघत नाही.

मास्क बसतो का ते पट्टा न लावता बघा. चेहऱ्यावर टेकवा, नाकानं श्वास ओढा, हात सोडा. मास्क जागेवर राहिला तर तो तुमचा. आमच्या आबांच्या मास्कमध्ये सारखं पाणी भरत होतं. मुलगा पट्टा आवळतच होता, आबांच्या कपाळावर वळ उठले. खरं कारण मिशी होतं. मास्कची सिलिकॉनची कड नाकाखाली टेकते आणि केसांमधून पाणी झिरपतं. ‘मिशी काढणार नाही’ म्हणाले. मी म्हटलं, ‘काढू नका आबा, नाकाला लागून गव्हाच्या दाण्याएवढी पट्टी तेवढी साफ करा.’ दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून तेवढंच करून आले आणि पाणी थांबलं. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचा मास्क मिळतो, तो आधी मागवून ठेवा. काच धूसर होऊ नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा थेंब फिरवून हलकं धुवा.

बोटीवरून मुटका मारायचा नाही, मागच्या शिडीनं उतरायचं. अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट पोहण्याचा शर्ट हवा. तो थंडीही अडवतो आणि पाठ भाजण्यापासूनही वाचवतो. आणि बोटीवरच्या घरच्यांना हात हलवून दाखवू नका! पाण्यात हात हलवणं म्हणजे मदतीची हाक, गाईड सगळं सोडून तुमच्याकडे झेपावेल. ठीक असाल तर डोक्यावर हात नेऊन गोल करा. कड्यात जिथं खिंड असते तिथून ओहोटीला आतलं पाणी जोरात बाहेर ओढलं जातं, म्हणून गाईडच्या पुढं जायचं नाही.

दमलात तरी प्रवाळावर उभं राहू नका. पाठीवर वळा, जॅकेट तुम्हाला धरून ठेवतं. दगड वाटतो तो लहान-लहान जिवांनी बांधलेला असतो. गोल, घट्ट जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. तुमच्या नातीच्या वयाएवढी वाढ एका टाचेखाली मोडते, आणि हे मला फार लागतं. शिवाय त्याच तळाशी दगडासारखाच दिसणारा विषारी काट्यांचा स्टोनफिशही दबून बसलेला असतो. माशांना पाव टाकू नका, कितीही जवळ आले तरी.

शंख, प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालू नका, किनाऱ्यावर मेलेले पडलेले असले तरी नको. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. परतीच्या आदल्या रात्री पोरांचे खिसे आणि बुटांच्या पिशव्या एकदा उलट्या करून बघा.