नॅरोबोटच्या पंख्यात काही अडकलं तर काय करावं

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे लांब आणि चिंचोळी बोट, चालवणाऱ्याला एक काम कधी ना कधी करावंच लागतं: बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला गुंडाळलेला कचरा हाताने काढणं. आठवडाभर भाड्याने बोट घेतलेली असो की बारा महिने तिच्यावरच संसार असो, यातून सुटका नाही. काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर बोट बुडू शकते. म्हणून क्रमानेच सांगतो.

पंख्यात काही अडकलं की इंजिनाचा आवाज जड होतो, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो, सुकाणूचा दांडा हातात थरथरू लागतो आणि बोट मात्र पुढे सरकत नाही. लगेच न्यूट्रल करा. मग दोन-तीन सेकंद जोरात रिव्हर्स. पानगळीच्या दिवसांत पाण्यातल्या पानांचा लगदा बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटतो. दोनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा. रेटत राहिलात तर दोर आणखी आवळतो, नायलॉनचा असेल तर घर्षणाने वितळून शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, लाखेसारखा चिकटून बसतो.

उरलेल्या वेगावर बोट काठाला घ्या. वेग संपला असेल तर लांब बांबूने ढकला किंवा बोटीच्या मध्यावर बांधलेला दोर घेऊन काठावर उतरा आणि ओढा. सत्तावन्न फुटी बोट पंधरा-सतरा टनांची असते, तरी शांत पाण्यात एकटा माणूस तिला सावकाश ओढू शकतो. झटके देऊ नका, दोर ताणून धरा, ती येते. पुढून-मागून दोन्हीकडे बांधा. वळणावर, पुलाखाली किंवा लॉकच्या (बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाच्या) तोंडाशी हे काम करू नये.

आता इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. किल्ली जागेवर राहिली आणि कुणी सहज फिरवली, तर पंख्याजवळ तुमचा हात असतो. बॅटरीवर चालणारी बोट असेल तर मोटारचा मुख्य स्विचही बंद करा, कारण ती आवाज न करता सुरू होते.

पंख्याच्या बरोबर वर एक उभी पोलादी पेटी असते, तिला वीड हॅच म्हणतात. काही बोटींत ती मागच्या डेकच्या फळ्यांखाली असते, काहींत पायरीखाली. पेटीत कालव्याचं पाणी बाहेरच्या पातळीइतकंच उभं असतं आणि पेटीच्या कडा त्याहून वर असतात, म्हणून बोट स्थिर असताना झाकण काढलं तरी पाणी आत येत नाही. मात्र मागे चार माणसं गोळा झाली तर पिछाडी खाली दबते. बघ्यांना पुढे पाठवा, मगच झाकण दाबून धरणारा क्लॅम्प सैल करा.

हातावर जखम असेल तर आधी ती पाणी शिरणार नाही अशी झाका, मग कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घाला. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो मुंबई-कोकणातल्या लोकांना पावसाळ्यामुळे चांगला ठाऊक आहे. तोच आजार या कालव्यांच्या पाण्यातूनही होऊ शकतो. नंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना कालव्याचा उल्लेख जरूर करा.

पाणी गढूळ असतं, त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटांवर भिस्त. हळूहळू चाचपा, कारण मासेमारीचे गळ आणि तारांची टोकं असतात. गुंता बहुधा पंखा आणि बोट यांच्यामधल्या शाफ्टवर असतो. दातेरी पावाची सुरी कापड आणि दोरासाठी, छोटी करवत वितळलेल्या नायलॉनसाठी, कटर तारेसाठी. प्रत्येक हत्याराला दोरी बांधून ती मनगटात अडकवा. थर सोलत बसण्यापेक्षा शाफ्टच्या लांबीने सरळ चीर द्या, वेढे आपोआप सुटतात. गिअर न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनाच्या बाजूने शाफ्ट हाताने उलटा फिरवूनही बरंच मोकळं होतं. निघालेला कचरा परत पाण्यात टाकू नका, पुढच्या बोटीला तोच लागेल.

लंडनच्या पश्चिमेला, साउथॉलजवळ, ग्रँड युनियन कालव्यात पूजेचे नारळ तरंगताना दिसतात. नारळाने पंख्याचं सहसा काही बिघडत नाही. साडी किंवा ओढणी मात्र शाफ्टला असा पीळ घालते की तुकडे-तुकडे करून काढावी लागते. तिकडच्या आपल्या लोकांना मनापासून विनंती आहे: कापड आणि प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात सोडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं काम आता, आणि नेमकं इथेच घाई होते. झाकणाचा रबर आणि पेटीची कड पुसा, काडी-कचरा राहू देऊ नका. झाकण नीट बसवा, क्लॅम्प पूर्ण आवळा, मग हाताने हलवून पाहा. पंखा फिरू लागला की पाणी पेटीतून जोरात वर येतं. झाकण सैल असेल तर ते थेट इंजिनाच्या खणात भरतं आणि अशाने बोटी बुडाल्या आहेत. म्हणून फळ्या लावण्याआधी इंजिन सुरू करा, बोट बांधलेली असतानाच हळू पुढचा गिअर टाका, मग थोडा रिव्हर्स, आणि दुसऱ्या कुणाला झाकणाकडे बघायला सांगा. एक थेंबही झिरपता कामा नये.

तिथेच असताना शाफ्ट बोटीबाहेर जातो ती जागा, म्हणजे स्टर्न ग्लँड, बघून घ्या. दोराच्या ओढीने तिथली गळती वाढू शकते. पॅकिंगवाल्या (शाफ्टभोवती दोरीसारखं भरण असलेल्या) ग्लँडमधून चालताना अधूनमधून थेंब पडणं ठीक. धार लागली असेल तर इंजिन बंद करून दोन्ही नट सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. शाफ्ट हाताने सहज फिरला पाहिजे. फार आवळलं तर ग्लँड तापते. रोज मुक्कामाला पोचल्यावर ग्रीसरचा, म्हणजे ग्लँडमध्ये ग्रीस दाबणाऱ्या नळकांड्याचा, दांडा जड लागेपर्यंत फिरवायचा, की रात्रभर गळत नाही.

शहरातून जाताना पुलाखाली शिरण्याआधी न्यूट्रल करून वेगावर तसंच पुढे सरकावं. कालवा तिथे अरुंद होतो आणि वरून फेकलेला कचरा तळाशी तिथेच साठतो.