खांदा दुखतोय आणि थ्रो पण पोचत नाही? या चुका टाळा

बाउंड्रीवरून थ्रो पोचत नाही म्हटलं की पोरं लगेच डंबेल्स उचलायला लागतात, पण गडबड बहुतेक वेळा हातात नसतेच. जोर पायातून सुरू होतो, तिथून कंबर, छाती, खांदा, कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट, आणि हा क्रम मोडला की सगळा भार एकट्या खांद्यावर येतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे छाती कीपरकडे ठेवूनच फेकणं. बॉल उचलला की आधी अंग बाजूला वळवा, उजव्या हाताने फेकत असाल तर डावा खांदा स्टंपकडे, छोटी उडी घेऊन उजव्या पायावर या आणि मग डावा पाय कीपरच्या दिशेने टाका. आता इथे नीट बघा, डावा पाय टेकतो तेव्हा कंबर फिरायला लागलेली असते पण छाती अजून बाजूलाच असते, आणि या दोघांत जो पीळ पडतो ना, खरा स्पीड तिथून येतो. बरेच जण दोन्ही एकदमच फिरवतात, मग पीळ पडणार कसा? पुढचा गुडघापण टेकल्यावर ढिला सोडू नका, जोर तिथेच जिरतो.

स्वतःचं चेक करायचं असेल तर एकदा गुडघ्यावर बसून फेका आणि एकदा पाय टाकून. अंतरात फारसा फरक नसेल तर तुम्ही पाय वापरतच नाही आहात.

बॉल नुसता वर तरंगतोय? कोपर खांद्याच्या खाली पडतंय का बघा, हात फेकण्याऐवजी ढकलायला लागतो. बॉल हवेत वळतोय? बोटं बाजूला सरकली असतील, शिवण बोटांना आडवी ठेवा आणि बोटं बॉलच्या मागे.

फेकल्यावर हात मध्येच थांबवणं तर फारच वाईट. बेसबॉलमध्ये बॉल फेकणाऱ्या पिचरचा खांदा सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास वेगाने फिरतो, आपला तेवढा नसेल, पण ब्रेक लावायचं काम खांद्याच्या मागच्या छोट्या स्नायूंनाच करावं लागतं, म्हणून हात विरुद्ध मांडीपर्यंत जाऊ द्या आणि मागचा पायपण पुढे येऊ द्या.

वॉर्मअपशिवाय पहिलाच थ्रो फुल ताकदीने मारू नका. आणि लहान पोरांचं कोपर किंवा खांदा दुखत असेल तर प्लीज "सवय होईल" म्हणू नका, त्यांच्या हाडांची वाढ जिथे होते तो भाग अजून कच्चा असतो, फेकणं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.