सेराटोप्टेरिसचे प्रयोग: या चुका टाळा

सेराटोप्टेरिस रिचर्डी हे नेचे पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत रुळले ते मुख्यतः अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात लेस्ली हिकॉक यांनी केलेल्या कामामुळे, आणि 'सी-फर्न' या नावाने ते आज ओळखले जाते. बीजाणू पेरल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत गॅमेटोफाइट (बीजाणूपासून वाढणारी, लिंगपेशी तयार करणारी छोटी वनस्पती) पक्व होतात. तरीही प्रयोग फसतात, आणि बहुधा दोष बीजाणूंचा नसून पेरणीच्या दाटीचा व पाण्याचा असतो.

पहिली चूक दाट पेरणीची. बशीत आधी वाढलेले उभयलिंगी गॅमेटोफाइट अँथेरिडिओजेन हे संप्रेरक माध्यमात सोडतात आणि त्याच्या प्रभावाखाली मागाहून रुजणारे बीजाणू नर होतात. एकटा वाढलेला बीजाणू मात्र उभयलिंगीच होतो. त्यामुळे बशीतील नरांचे प्रमाण आनुवंशिक समजून त्यावर निष्कर्ष काढू नयेत. दोन गटांची तुलना करायची असेल, तर दोन्हींची दाटी सारखी ठेवल्याखेरीज त्या आकड्यांना अर्थ नाही. नर ओळखणेही सोपे आहे: तो लहान, जिभेसारखा, खाच नसलेला आणि अँथेरिडियांनी (शुक्रपेशी तयार करणाऱ्या अवयवांनी) भरलेला दिसतो.

दुसरी चूक झाकणावरच्या दवाची. बशी २८ अंश सेल्सिअसच्या आसपास व प्रकाशात हवी, पण दिव्याच्या उष्णतेने झाकणाला धरलेले पाणी खाली ठिबकले की फलन आपोआप होते आणि शुक्रपेशी पोहताना दाखवण्याची संधी हुकते. पाणी प्रात्यक्षिकाच्या वेळीच, थेंबाने घालावे.

गुणोत्तरांचा घोळ याहून मोठा. 'पोल्का डॉट' उत्परिवर्तनाच्या (यात पेशीतील हरितलवके एकत्र गोळा होऊन ठिपक्यांसारखी दिसतात) संकरित पिढीतील गॅमेटोफाइट एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले, असल्याने त्यांत सामान्य व उत्परिवर्तित यांचे १:१ प्रमाण दिसते. ३:१ ची अपेक्षा त्यांच्यापासून फलनानंतर तयार होणाऱ्या स्पोरोफाइटमध्ये (नेच्याच्या पानांच्या रोपात) करावी. तिथेही उभयलिंगी गॅमेटोफाइटचे स्वतःशीच फलन झाले, तर प्रमाण १:१ कडे सरकते. विद्यार्थी अशा वेळी मोजणीलाच दोष देतात, हे चुकीचे.

बुरशी टाळायला बीजाणू ब्लीचच्या द्रावणाने निर्जंतुक करणे पुरते, मात्र ते त्यात जास्त वेळ ठेवल्यास बीजाणू मरतात आणि नीट न धुतल्यास उगवण मंदावते.

महाराष्ट्रात पाणथळ जागी आढळणारे सेराटोप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडीस हे जवळचे नातेवाईक जीवनचक्र दाखवायला उत्तम आहे, पण ते बहुगुणित (गुणसूत्रांचे दोनहून अधिक संच असलेले) असल्याने मेंडेलच्या गुणोत्तरांसाठी रिचर्डीचेच बीजाणू मागवावेत.