मूकपटाचा खेळ नीट लावायचा तर

मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात हा समज चुकीच्या वेगाने दाखवलेल्या प्रतींमुळे रुजला. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं), १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याहून अधिक. बोलपट आले आणि आवाजासाठी वेग २४ वर बांधला गेला. १६ चा चित्रपट २४ ने लावला की तासाभराची गोष्ट ४० मिनिटांत उरकते आणि नटांनी जीव ओतून केलेलं काम माकडचेष्टा वाटू लागतं. म्हणून फिल्म सोसायटीत, वाचनालयात किंवा घरी मूकपट लावायचा असेल तर सगळ्यात आधी प्रतीचा वेग तपासा.

हिशेब सोपा आहे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. लांबी फुटांत ठाऊक असेल तर तिला १६ ने गुणा आणि वेगाने भागा, सेकंद मिळतील. हजार फुटांचं रीळ १६ च्या वेगाने पावणेसतरा मिनिटं चालतं, २४ ने जेमतेम ११. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ३,७०० फुटांचा होता, म्हणजे १६ ने सुमारे ६२ मिनिटांचा, २४ ने ४१ मिनिटांचा. आज त्याचा काही भागच उरला आहे, पण हीच रीत कुठल्याही चित्रपटाला लागू पडते. फाइलचा वेळ हिशेबापेक्षा बराच कमी भरला तर प्रत पळते आहे असं समजा.

लांबी ठाऊक नसेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये एखादा चालण्याचा प्रसंग थांबवा आणि ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. पाय कुठे आहे ते बघत राहा. २४ च्या फाइलमध्ये दर तिसरी फ्रेम आधीच्या फ्रेमची नक्कल निघाली तर कुणीतरी १६ चा वेग आधीच सुधारून दिला आहे. दर चौथी नक्कल असेल तर १८, दर सहावी असेल तर २०. अशा प्रतीचा वेग आणखी कमी करू नका, माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतील. प्रत्येक फ्रेम वेगळी असेल आणि हालचाल घाईची वाटत असेल तरच प्लेअरचा वेग १ वरून उतरवा: १६ साठी ०.६७, १८ साठी ०.७५, २० साठी ०.८३. फाइल २५ ची असेल तर १८ साठी ०.७२ लागेल. एका फ्रेमवर दुसरीची पुसट सावली दिसत असेल तर वेग बदलून काही साधणार नाही, दुसरी प्रत शोधा.

शेवटचा निवाडा डोळ्यांनी करा. नट मुद्दाम घाई करू शकतो, पण सांडणारं पाणी, चुलीचा धूर, वाऱ्यावरचं कापड यांना अभिनय करता येत नाही. ती खरी दिसली की वेग जमला. विनोदी चित्रपटांत मात्र सांभाळून. तिथे कॅमेरा मुद्दाम हळू फिरवून पाठलाग वेगवान केलेले असत. ते सगळं ‘नैसर्गिक’ करायला गेलात तर विनोदच मरतो. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा ‘सनराइज’ (१९२७) आणि चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) हे ध्वनिमुद्रित संगीतासहच प्रदर्शित झाले, त्यांच्या वेगाला हात लावू नका.

चित्राचा आकार ४:३ ठेवा. ८ फूट रुंद चित्राला ६ फूट उंची लागते. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच राहू द्या. पडदा भरायच्या हट्टापायी चेहरे फुगतात, किंवा वरून कपाळं आणि खालून पाट्यांची (दृश्यांमध्ये येणाऱ्या लिखित मजकुराची) शेवटची ओळ कापली जाते.

रंगाकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. बहुतेक मूकपटांच्या प्रती रंगात बुडवलेल्या असत: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळट, आगीला लाल. ‘नोस्फेरातू’ (१९२२) या रक्तपिपासू पिशाच्चाच्या चित्रपटातले रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित झाले आणि निळ्या रंगाने त्यांची रात्र केली. निव्वळ कृष्णधवल प्रतीत तो पिशाच्च उन्हात शवपेटी घेऊन हिंडतो आणि गोष्टीचा अर्थच बिघडतो. म्हणून रंग परत दिलेली प्रतच घ्या.

पाट्यांचं मराठी करताना दोन ओळींच्या पुढे जाऊ नका. भाषांतर मोठ्याने वाचून पाहा. पाटी जाण्याआधी वाचून झालं पाहिजे. जोडाक्षरं फुटतात का ते ज्यावर खेळ लावणार त्याच संगणकावर बघा, घरच्या लॅपटॉपवर नीट दिसणारी फाइल सभागृहात चौकोन दाखवते. याहून चांगला उपाय म्हणजे वाचणारा माणूस. जपानात बेन्शी नावाचे निवेदक पडद्याशेजारी राहून सगळी पात्रं बोलत. आपल्याकडेही गोष्ट सांगणारे असत आणि पेटी-तबला वाजे.

वाजवणाऱ्यांना आधी चित्रपट दोनदा दाखवा आणि एक कागद द्या: वेळ, प्रसंग, लय, कुठे थांबायचं. हे आकडे बदललेल्या वेगावरून काढा, नाहीतर तालीम एका वेळेची आणि खेळ दुसऱ्या वेळेचा होतो. पेटीजवळचा दिवा झाकलेला हवा, त्याचा उजेड पडद्यावर गेला की काळा रंग राखाडी दिसतो. प्रत्येक पडण्याला तबल्याची थाप देऊ नये. फाइलमधलं संगीत बंद ठेवा. वेग उतरवला की तेही रेंगाळतं. शिवाय चित्रपट हक्कमुक्त असला तरी नव्याने रचलेल्या संगीतावर आणि नव्या पाट्यांवर हक्क असू शकतो. जाहीर खेळाआधी परवानगी विचारून घ्या.

पहिल्याच खेळाला अडीच तासांचा ‘मेट्रोपोलिस’ लावू नका. विनोदी नट बस्टर किटनचा ‘वन वीक’ (१९२०) वीसेक मिनिटांचा, तो आधी. मग १० मिनिटं विश्रांती. मग मुर्नाऊचा ‘द लास्ट लाफ’ (१९२४), ज्यात पाट्या जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाषांतराचा भार पडत नाही. पुढच्या वेळी फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) घ्या. त्यात कृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी, आणि वेग नीट लागला तर ती कॅमेऱ्यासमोर किती मोकळी वावरते ते नजरेत भरतं. नंतर रुआन लिंग्यू या नटीचा चिनी ‘द गॉडेस’ (१९३४) आणि दिग्दर्शक ओझूचा जपानी ‘आय वॉज बॉर्न, बट...’ (१९३२) दाखवा. या दोन्ही देशांत मूकपट १९३० च्या दशकातही बनत होते. संपूर्ण तालीम आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच प्रोजेक्टरवर, पंखे चालू ठेवून करा, कारण वाचणाऱ्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही ते तेव्हाच कळतं.