सोलापुरात भाड्याने फ्लॅट घेताय? या चुका टाळा

जुळे सोलापुरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही नोव्हेंबरमध्ये पाहिला. फरशी चकाचक, गॅलरीत वारा, किचनला लांबलचक ओटा. "पाणी कसं आहे हो काकू?" "भरपूर आहे." झालं, त्याच दिवशी टोकन देऊन मोकळे. एप्रिलमध्ये कळलं की आठ घरांत मिळून गच्चीवर ५,००० लिटरचीच टाकी आहे. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांआड यायचं आणि टाकी दुसऱ्याच दिवशी तळ गाठायची.

"पाणी कसं आहे" या प्रश्नाला काही अर्थच नसतो. शेवटचं पाणी कोणत्या दिवशी आलं, किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, हे विचारा. तेही तळमजल्यावर हौदाशेजारी राहणाऱ्या बाईंना विचारा. पाण्यासाठी रात्री उठणाऱ्या माणसाला वार आणि वेळ तोंडपाठ असते. मग गच्चीवर जाऊन टाक्या मोजा. माणशी रोज १०० लिटर धरले तर चौघांच्या घराला पाच दिवसांचे २,००० लिटर लागतात. अशी आठ घरं म्हणजे १६,००० लिटर. हौद आणि टाक्या मिळून एवढा साठा नसेल तर टँकरची वर्गणी कोण भरणार, हे आधीच बोलून घ्या.

बोअर आहे म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घेऊन वाळू द्या. पांढरा थर राहिला तर गिझरची कॉइल आणि कूलरची जाळी तशीच पांढरी होणार.

आता जे आधीच अशा घरात अडकलेत त्यांच्यासाठी. गॅलरीत टाकी ठेवण्याचा मोह होतो, पण तो धोक्याचा आहे. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, आणि बाहेर काढलेल्या गॅलरीवर एवढं वजन टाकायचं नसतं. आम्ही २०० लिटरचे दोन पिंप बाथरूममध्ये, दोन भिंतींच्या कडेला ठेवले. जास्तीच्या टाकीसाठी आठही घरांनी मिळून मालकांना गाठलं, तेव्हा कुठे ती बसली.

सकाळी दहाला घर बघणं ही दुसरी मोठी चूक. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी चारला जा आणि बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावा. सगळ्यात वरचा मजला असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारी माणसं असतील तर वरचा मजला मी तरी घेऊ देणार नाही. कूलर लावू म्हणाल, तर कूलरलाही रोज पाणी लागतं, म्हणजे गाडी परत त्याच टाकीशी येते. शहराच्या पूर्व भागात घर बघत असाल तर एकदा रात्रीही जाऊन या. शेजारी यंत्रमाग असेल तर त्याची खडखड अभ्यास करणाऱ्या मुलांना सोसत नाही.

लाइटचा मीटर स्वतंत्र आहे का, हे नक्की पाहा. दोन घरं एकाच मीटरवर असली की युनिट एकत्र मोजली जातात, जास्त वापराच्या टप्प्याचा चढा दर लागतो आणि दोघांनाही भुर्दंड बसतो. ग्राहक क्रमांक घेऊन मागची थकबाकीही तपासा.

कागदाच्या बाबतीत "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" हे सर्रास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं. हे समजावून सांगितलं की मालकही तयार होतात. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. डिपॉझिटची रक्कम, नोटिशीचा काळ आणि रंगाचा खर्च कोणाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. भाडं बँकेतूनच द्या. आणि वाद झाला म्हणून मालकाला पाणी किंवा लाइट तोडता येत नाही, कलम २९ त्यासाठीच आहे.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: नळ, फ्लश, खिडक्यांच्या काचा, भिंतीवरची ओल, शेवटी मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. आमच्या बाथरूमची टाइल आधीपासूनच तडकलेली होती. घर सोडताना तिचे पैसे कापायची गोष्ट निघाली, तेव्हा मी तो जुना मेसेज दाखवला. काका क्षणभर बघत राहिले, "बरं, राहू दे" म्हणाले आणि डिपॉझिट पूर्ण दिलं. चावी मी त्यानंतरच त्यांच्या हातात दिली.