घरी दयामरण: दोन इंजेक्शनांच्या मधली पंधरा मिनिटं

पाळीव कुत्र्याला किंवा मांजराला घरीच दयामरण द्यायचा निर्णय झालाय, प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासून होकार दिलाय आणि घरातल्या सगळ्यांना सांगून झालंय, असं धरून पुढचं लिहीत आहे.

फोनवर वेळ ठरवतानाच तीन प्रश्न विचारा. आधी भुलीचं वेगळं इंजेक्शन देणार का? शिरेत सलाईनसारखी सुई लावून ठेवणार का? शेवटचं औषध कोणतं? उत्तर असं यायला हवं: आधी भूल, मग शिरेतून पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोनसारख्या भुलीच्याच औषधाचा मोठा डोस. काही डॉक्टर शेवटी पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट वापरतात. प्राणी खोल भुलीत असेल तरच ते चालतं. शुद्धीत दिलं तर तो छळ आहे. ‘भुलीची काय गरज, दोन मिनिटांचं काम आहे’ असं ऐकू आलं तर सरळ दुसरे डॉक्टर शोधा. डॉक्टर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झालेलेच हवेत. आणि माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊन बघायचा विचारही करू नका. प्राणी मरत नाही, उलट्या करत तासन्‌तास अर्धवट शुद्धीत तडफडतो.

वेळ दुपारी दोन ते चारची घ्या. लिफ्ट मोकळी असते आणि रस्तेही त्यातल्या त्यात बरे असतात. डॉक्टरांच्या गाडीचा नंबर वॉचमनला आधी देऊन ठेवा.

जागा त्याच्या रोजच्या गादीचीच. फक्त ती भिंतीपासून ओढून घ्या, म्हणजे डॉक्टरांना पायापाशी बसता येईल. खाली मेडिकलमध्ये मिळणारे दोन अंडरपॅड, वर घट्ट विणीची जुनी चादर. पायावर चांगला उजेड पडायला हवा. पोटभर जेवण देऊ नका, कारण भुलीच्या काही औषधांनी उलटी होते, मांजरांना तर फारच. सुई टोचताना चाटायला चमचाभर दही किंवा चिकनचं पाणी पुरे.

आता खरी अवघड जागा: पहिल्या इंजेक्शनपासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ. बहुतेक घरांत चुका इथेच होतात.

पहिलं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत किंवा कातडीखाली दिलं जातं. ते थोडं चुरचुरतं, कुत्रा क्षणभर दचकतो. परिणाम यायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. रक्तदाब उतरलेला, अंग गार पडलेला, अंगातलं पाणी कमी झालेला प्राणी असेल तर त्याहून जास्त, कारण औषध रक्तात पोचायलाच उशीर होतो. म्हणून निरोप पहिल्या इंजेक्शनच्या आधी घ्या. ‘अजून दुसरं बाकी आहे’ म्हणून लोक थांबतात आणि मग डोळ्यांदेखत तो कुणाला न ओळखणारा होतो. ऑफिसातून कुणी यायचं असेल तर ते घरात आल्याशिवाय पहिली सुई टोचू देऊ नका.

सुई टोचल्यावर तो आधी झुलतो, मग मान टाकतो, जीभ बाहेर येते, श्वास संथ होतो. या काळात नाव घेऊन हाका मारू नका. हाक ऐकली की तो उठायला बघतो आणि फरशीवर आपटतो. अचानक आवाज झाला तर अर्धवट चढलेली भूल उतरू शकते. कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोन, सगळं आधीच बंद करा. हात त्याच्या मानेवर स्थिर ठेवा, थोपटू नका.

डोळे उघडे राहतात. त्यावरून तो जागा आहे किंवा झोपला आहे, काहीच ठरत नाही. ठरतं ते असं: डॉक्टर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला बोट लावतात तेव्हा पापणी हलायला नको, आणि बोटांमधली कातडी जोरात चिमटली तर पाय मागे यायला नको. पाय मागे आला तर अजून थांबायचं किंवा भुलीचा आणखी डोस द्यायचा. ही परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा. यात डॉक्टरांचा अपमान नाही, चांगले डॉक्टर ती न सांगताच करतात.

मग पायावरचे केस काढून शीर शोधली जाते. किडनीच्या जुन्या आजारात शिरा बसलेल्या असतात, दोन-तीनदा टोचावं लागू शकतं. त्याला ते कळत नाही, तुम्हाला बघवत नाही. घाई करायला लावू नका. शीर मिळालीच नाही तर मांजरात पोटात किंवा थेट मूत्रपिंडात सुई टोचून औषध देतात. पोटात दिलं तर परिणामाला वेळ लागतो, हे आधीच विचारून ठेवा.

शिरेतून दुसरं औषध गेल्यावर बहुधा एक-दोन मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डॉक्टर स्टेथोस्कोपने काही मिनिटं ऐकतात. त्यानंतरही एखादा मोठा उसासा येतो, ओठ किंवा पाठीचे स्नायू थरथरतात, लघवी-शी होते. हे शरीराचं आहे, तो परत आलेला नाही. लहान मुलं खोलीत असतील तर हे त्यांना आधीच सांगा.

तासाभरात पाय पोटाशी दुमडून झोपल्यासारखं ठेवा. दोनेक तासांनंतर शरीर ताठरू लागतं आणि लांब पसरलेले पाय मग गाडीच्या डिकीत मावत नाहीत. मुंबईच्या उकाड्यात लगेच नेणं जमत नसेल तर एसी लावा आणि पोटाखाली टॉवेलात गुंडाळलेला बर्फ ठेवा. तीस किलोच्या लॅब्राडॉरला उचलायला तीन माणसं लागतात. जुन्या चादरीची टोकं धरा, डोक्याखाली एक हात ठेवा, नाहीतर मान लोंबते.

मालाड पश्चिमेला एव्हरशाइन नगर भागात महापालिकेची गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी 2023 मध्ये सुरू झाली. परळच्या बैलघोडा रुग्णालयातही चौकशी करता येते. निघण्यापूर्वी फोन करा. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला लिहून घ्या, सोबत आधार ठेवा. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना असेल तर तोही रद्द करून घ्या.

घरात दुसरा कुत्रा असेल तर इंजेक्शनं होईपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत ठेवा. भटक्या कुत्र्यांसाठीच्या 2023 च्या नियमांतही एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला दयामरण देऊ नये असं म्हटलं आहे. डॉक्टरांचं काम संपलं की मात्र दार उघडा आणि त्याला येऊन हुंगू द्या. तो हुंगून बाजूला बसेपर्यंत चादर उचलू नका.